शेवटची ओळ अनावश्यक

वर्तकनगर, ठाणे
१४ डिसेंबर २०२४

प्रिय सुदेश,

'सप्रेम नमस्कार' लिहावं की नुसता 'नमस्कार', यावर माझी दहा मिनिटं गेली. शेवटी दोन्ही लिहिले नाहीत. तुला झेपेल तो घे. घरी सगळे बरे असतील असं धरून चालते. आमच्याकडे माझा नवरा श्रीपाद गुडघे सोडून ठणठणीत आहे, आणि मी जिभेसकट ठणठणीत आहे.

तीस वर्षांनी पत्र, तेही टपालाने, म्हणजे बाईचं काहीतरी बिनसलंय असं तुला वाटेल. तुझा नंबर मिळवणं अवघड नव्हतं. पण व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग माणसाला खोटं समाधानही करून घेता येत नाही. पत्राचं बरं असतं. उत्तर आलं नाही तर पोस्टाला नावं ठेवता येतात.

मी अजून शिकवते. इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात, मराठी. 'मराठी शिकवते' म्हटलं की लोक आवाज खाली आणतात, घरात कुणाचं दुखणं असल्यासारखा. 'अजून घेतात का मुलं?' असं विचारतात. घेतात, म्हणते मी, डॉक्टरने सांगितलं तर.

पण यंदा मजा आहे, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. श्रीपादला सांगून झालं. तो 'वा' म्हणाला आणि बातम्या लावल्या.

बारावीला या वर्षी 'प्रगत साहित्य' नावाचा नवा ऐच्छिक पेपर आलाय. त्यात चाळीस गुणांचा एकच प्रश्न. एक कविता छापलेली असते. कवीचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही, मुलांनी ती आयुष्यात कधी वाचलेली नाही. खाली एवढंच: 'या कवितेचा तुम्हाला लागलेला अर्थ लिहा. कवितेतलाच पुरावा द्या.'

बस. या दोन वाक्यांनी ठाण्यापासून कल्याणपर्यंत जो हाहाकार उडालाय तो बघायला तू हवा होतास. आयुष्यभर आपण मुलांना विचारलं, 'कवीला काय म्हणायचं आहे?', आणि उत्तर आपणच फळ्यावर लिहून दिलं. आता कोणीतरी विचारलं, 'बाळ, तुला काय वाटतं?', आणि बाळाच्या आधी मास्तरांनाच घाम फुटला. डोंबिवली पूर्वेला एका क्लासने फलक लावलाय: 'न वाचलेल्या कवितेची शंभर टक्के तयारी.' मी रिक्षा थांबवून फोटो काढला. आत पन्नास न वाचलेल्या कवितांची पन्नास तयार उत्तरं पाठ करून घेतात. आमच्या एका सहकाऱ्याने तर सूत्रच काढलंय. चंद्र आला की प्रेम, नदी आली की आयुष्य, आई आली की त्याग. आणि काहीच कळलं नाही तर सामाजिक जाणीव.

माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत. त्यातल्या दोघांची नावं लक्षात ठेव. एक सलिल, इथल्याच नव्या टॉवरमधला. मार्कांचा इतका लोभी की त्याला कवितासुद्धा मनापासून आवडायला लागल्या आहेत. आणि एक वर्षाली. कोपरीची, कोळ्याच्या घरातली, तुमच्याच आळीतली असेल. मागच्या बाकावर बसते, बोलत नाही, आणि मी काही शहाणपणाचं बोलले की खिडकीबाहेर बघते. मला तिची भीती वाटते.

अडचण एकच होती. सरावासाठी कविता आणायची कुठून? मी कुठलीही दिली तरी सलिल चार मिनिटांत ती मोबाईलवर शोधतो, अर्थासकट. मी म्हटलं, 'अरे, ही परीक्षा तुझ्या डोक्याची आहे.' तर म्हणतो, 'मॅम, डोकं चालवतोय म्हणून तर सापडली ना.' म्हणजे मला अशी कविता हवी होती, जी कुठेच छापलेली नाही. जी कवी सोडून फार तर एकदोघांनी वाचलीय.

सापडली एक. कुठे, ते पुढे कधीतरी.

तू खोपटच्या एसटी डेपोत नियंत्रक आहेस हे मला कसं कळलं, असा प्रश्न पडला असेल. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये बघितलं तुला. मी जुन्नरहून येत होते, घाटात दरड कोसळली आणि आमची बस चौदा तास अडकली. फोन नाही, पाणी नाही, शेजारच्या बाईंचा अखंड जप मात्र होता. सकाळी दहाला खोपटला उतरले. तू फलाटावर होतास, पण कामात होतास, म्हणून हाक नाही मारली. तुमच्या एसटीची प्रगती बघून मात्र थक्क झाले. मालन नावाच्या एक कंडक्टर बाई आल्या आणि म्हणाल्या, 'ताई, रिक्षा थांबवलीय तुमच्यासाठी. वर्तकनगरच ना?' मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, महामंडळ आता घरपोच सेवा देतं.

असो. तब्येतीला जप. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. (चालणार नाही, पण असं लिहायची पद्धत आहे.)

तुझी जुनी वर्गमैत्रीण,
देवयानी


वर्तकनगर, ठाणे
१९ जानेवारी २०२५

प्रिय सुदेश,

उत्तर आलं नाही. पोस्टाला यथेच्छ नावं ठेवून झाली. तिळगूळ पाठवत नाही, कारण गोड बोलण्याचा आग्रह धरायला मी योग्य व्यक्ती नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता सांगून टाकते. वर्गात दिलेली ती कविता तुझी आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, चहा केला, प्यायले, आणि परत येऊन बघितलं तर ते तसंच होतं. तेव्हा पुढे लिहिते.

चौऱ्याण्णव सालच्या आपल्या कॉलेजच्या वार्षिक अंकाची फाईल माझ्याकडेच राहिली होती. संपादक मी होते ना, विसरायला तू काही इतका भाग्यवान नाहीस. माळ्यावर होती. तिच्यात तुझा रेघांचा कागद, निळी शाई, आणि खाली माझ्या लाल शाईतला शेरा. मी तो शेरा कात्रीने कापला, कवितेची झेरॉक्स काढली आणि सराव पेपरात घातली. नियमाप्रमाणे कवीचं नाव न घालता; खाली फक्त 'आवस म्हणजे आई, बापूस म्हणजे बाप' एवढी टीप. नियम माझ्या सोयीचा होता, हे तेव्हा लक्षात आलं होतं. नाही आलं असं म्हणत नाही.

तुझ्याकडे प्रत आहे की नाही कोण जाणे, म्हणून उतरवते:

होडी खाडीत वळली.
आवस दारात होती.
एकदाच बघितलं तिनं
नि पाठ फिरवून आत गेली.
आतून पाटी आपटल्याचा आवाज.
बापूस होडीत उभ्यानं हसला.
शेजारची कांता
अजून दारातच होती.

पुढचा भाग तुला आवडणार नाही. किंवा हसशील. पूर्वी तू अशा वेळी हसायचास.

आमच्या उपप्राचार्य प्रमोदिनीबाईंनी तो सराव पेपर माझ्या टेबलावरून उचलला, फोटो काढला आणि 'प्रगत साहित्य शिक्षक मंच' नावाच्या गटावर टाकला. वर लिहिलं, 'वरून आलेला नमुना'. वरून म्हणजे टेबलावरून, असं मी म्हणू शकले असते. पण तोवर गटावरचे त्रेचाळीस शिक्षक कामाला लागले होते. आणि सुदेश, हे तू डोळ्यांसमोर आण. त्रेचाळीस मराठीचे शिक्षक, त्यांच्यापुढे एक निनावी कविता, आणि 'ही कुणाची?' असं विचारण्याची एकाचीही छाती नाही. विचारलं तर आपल्याला माहीत नाही हे कळेल ना! मग सुरू झालं. कल्याणचे एक सर लिहितात, 'अर्थातच सुपरिचित कविता. यांच्या मधल्या काळातली.' डोंबिवलीच्या बाई लिहितात, 'हो, पण सुरुवातीच्या कवितांत जो जोम होता तो इथे नाही.' तुझा मधला काळ म्हणजे एसटीची भरतीची परीक्षा होती, हे मी कुणाला सांगू?

आठवडाभरात नोट्स आल्या. 'कवितेतून कवीचे निसर्गप्रेम दिसते. होडी हे जीवनाचे प्रतीक आहे. पाटी हे शिक्षणाचे प्रतीक आहे.' हे मी रचलेलं नाही, माझी तेवढी प्रतिभा नाही. मासळीच्या पाटीला त्यांनी शाळेत घातलं.

आणि या सगळ्यांत सर्वांत गाजलेलं उत्तर माझं. मंचाने मला मुख्य मार्गदर्शक केलंय. माझं आदर्श उत्तर असं: हे एका विसंवादी संसाराचं चित्र आहे. स्त्रीचा कोंडलेला संताप पाठ फिरवण्यातून आणि पाटी आपटण्यातून व्यक्त होतो. पुरुषाचं हसणं म्हणजे त्या संतापाची थट्टा. शेजारीण म्हणजे तमाशा बघणारा समाज. चाळीसपैकी अडतीस. दोन गुण मी विनयाने कापले.

आता अडचण अशी. मंच एक सराव पुस्तिका छापतोय, ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या सगळ्या मुलांसाठी. मागे कवींची नावं द्यायची आहेत. तुझ्या कवितेपुढे तीन वेगवेगळ्या थोर नावांवर भांडण झालं, आणि तडजोड म्हणून 'अज्ञात' छापायचं ठरतंय. कवी खोपटला आहे, कोपरीत राहतो, असं मी अजून बोललेले नाही. तुला न विचारता एकदा तुझी कविता वापरली. आता तुला न विचारता तुझं नावही वापरायचं म्हणजे जरा जास्तच होईल. नाव घालू का? 'हो' म्हण किंवा 'नको' म्हण. पण काहीतरी म्हण.

आणि खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या पत्रात एक खोटं आहे. त्या दिवशी खोपटला तू कामात नव्हतास. मी बसच्या पायरीवर होते, तू समोर वीस पावलांवर होतास. तू माझ्याकडे बघितलंस. आणि पाठ फिरवून केबिनमध्ये गेलास. दार आपटलेलं मी ऐकलं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. एकोणतीस वर्षं झाली, तरी बरोबरच आहे.

कारण वाङ्मय मंडळाच्या त्या सभेत मी तुझी कविता मोठ्याने वाचली होती. चांगली वाचली होती, मला वाचता येतं. आणि शेवटी म्हटलं होतं, 'घरगुती भांडणं संपादक मंडळाकडे पाठवू नयेत.' साठ माणसं हसली. तूही हसलास. मला वाटलं, खेळाडू वृत्ती. दुसऱ्या दिवसापासून तू मंडळात आला नाहीस आणि मी म्हटलं, कवी मंडळी, नाजूक असायचीच. तेव्हापासून तू काही लिहिलंस का, हे मी कुणालाच विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझ्या विनोदांनी आजवर बरीच माणसं हसवली. पण ज्याचं लिहिणं थांबलं असा माझ्या माहितीतला तू एकटाच.

नावाचं कळव.

देवयानी


वर्तकनगर, ठाणे
२ फेब्रुवारी २०२५

सुदेश,

तुझं कार्ड मिळालं! तीस वर्षांत पहिलं, आणि त्यावर दोन ओळी: 'कविता माझी नाही. नोट्स मात्र फारच वाईट आहेत, कल्याणहून भाची मेघालीने आणल्या होत्या.' मी ते दोनदा वाचलं आणि जोरात हसले. मग तिसऱ्यांदा वाचलं. 'माझी नाही' हे तू रागाने लिहिलंस की खरंच तसं वाटतं म्हणून, ते कळेना. चांगल्या कवीसारखं पुरावा न देता सोडून दिलंस.

पण ते राहू दे, त्याच्याकडे येते. आधी शुक्रवारी वर्गात काय झालं ते ऐक. अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण हात मनाच्या मागे धावतोय. श्रीपाद म्हणतो, 'निकाल लागला की काय?' लागला. माझा.

मी आदर्श उत्तर वाचून दाखवत होते. विसंवादी संसार, कोंडलेला संताप, सगळं. मुलं लिहून घेत होती. आणि मागच्या बाकावरून आवाज आला.

'मॅम, तुम्ही चुकताय.'

वर्षाली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी म्हटलं, 'कुठे चुकले?'

'सगळंच. सॉरी, पन सगळंच. ती रागावलीच नाय.'

'मग पाठ का फिरवते?'

'काम संपलं ना तिचं.'

'कसलं काम?'

'बघायचं.' ती उभी राहिली. सुदेश, ती पोरगी उभी राहिली आणि फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली. 'माझी आजी पन अशीच हाय. होडी वळली का पहिली बघते, पान्यात बसलीय कशी. खाली बसली असंल तर मासली हाय. मग डोकी मोजते. डोकी बरोबर झाली का झालं. लगेच आत. पाटी पालथी ठेवलेली असते, ती आपटूनच झटकतात, मॅम. मासली थांबते काय कोनासाठी? बाजार गाठायचाय. आजोबा अजून होडीत असतात आनि आत पाटी वाजते. त्यांना तिकडूनच कलतं, बाई बघून गेली.'

'म्हणून तो हसतो,' सलिल म्हणाला. पेन खाली ठेवून म्हणाला, हे महत्त्वाचं.

'म्हंजे काय! घर चालू झालं ना.'

मी अजूनही हरायला तयार नव्हते. तुला मी माहीत आहे. मी म्हटलं, 'हे तुझ्या आजीचं झालं. कवितेत पुरावा कुठे आहे? परीक्षक आजीला ओळखत नाही.'

आणि ती पोरगी थंडपणे म्हणाली, 'शेवटची ओळ वाचा ना, मॅम. कांता उभी हाय. दारात कोन उभं राहातं माहितीय? ज्यांच्यातलं कोन आलेलं नसतं. ज्याचं आलं, ते उभं राहात नाय.'

 मग सलिल हळूच बोलला, 'मॅम, यार... शेवटची ओळ काढली तर अख्खी कविताच उलटी होते.'

सुदेश, मी तो लाल शाईचा शेरा कापून वेगळा केला होता म्हटलं ना? तो तुकडा माझ्या पर्समध्ये आहे. टाकवला नाही. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात आहे: 'शेवटची ओळ अनावश्यक. काढावी.'

मी तो तुकडा बाहेर काढला आणि वर्गाला वाचून दाखवला. म्हटलं, 'ही कविता वीस वर्षांच्या एका मुलाने लिहिली. हा शेरा वीस वर्षांच्या एका मुलीने लिहिला. ती वर्गात पहिली यायची. तिला वाटायचं, प्रेम म्हणजे माणसाने उभं राहून बघत राहायचं. कारण तिच्या घरी कुणी कधी खाडीत गेलंच नव्हतं, सगळे ऑफिसला जायचे आणि सहा दहाला परत यायचे.'

'ती मुलगी कोण?' कुणीतरी विचारलं.

'तुम्हाला नोट्स देते ती.'

 मग सलिलच. 'मॅम, तुम्ही त्यांना सॉरी बोललात?'

'बोलणार आहे.'

'कधी? बोर्डानंतर?'

वर्षाली पहिल्यांदा हसली. अकराच्या अकरा हसली. मी तीस वर्षं माणसांना हसवतेय, पण इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मग मी माझं आदर्श उत्तर फाडलं. नाटकी झालं, कबूल आहे, पण मुलांना फार आवडलं. आणि म्हटलं, आता लिहा. तीस मिनिटं. पुरावा कवितेतला आणि डोकं आपापलं. सुदेश, त्यांनी काय लिहिलंय! एकाने लिहिलं, बापूस हसतो तेव्हा कांता ते हसू बघत असते, म्हणून ते हसू पुरतं आनंदाचं नाही. मला हे सुचलं नव्हतं. तुला तरी सुचलं होतं का? एकीने लिहिलं, कवी म्हणजे त्या घरातलं पोर आहे, पण ते शेवटी आपल्या आईकडे न बघता शेजारच्या दाराकडे बघतं, म्हणून ते कवी झालं. मी रडले नाही. खडूची धूळ होती. खडू आम्ही चार वर्षांपूर्वी बंद केलेत, ते सोड.

रात्री जेवायच्या आधी मी मंचावर लिहिलं: 'माझं आदर्श उत्तर चुकीचं आहे. कृपया वापरू नये.' त्रेचाळीस जणांनी अंगठे दाखवले. कल्याणच्या सरांनी लिहिलं, 'आपला विनय भावला. तरीही तेच ठेवू, मुलांचं पाठ झालंय.' मुख्य मार्गदर्शकपद मी सोडलं. प्रमोदिनीबाई माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे शिक्षाही झाली आणि बक्षीसही मिळालं.

आता तुझ्या कार्डाकडे येते. त्याहून आधी, खोपटकडे.

शुक्रवारपासून मी ती सकाळ परत परत वाचतेय, जशी मुलांना वाचायला सांगते तशी. एकेक ओळ, पुरावा शोधत. मी पायरीवर होते. तू बघितलंस. एकदाच. तुझ्या अंगात गणवेश नव्हता, चौकटीचा शर्ट होता आणि पायात चप्पल. मला तेव्हा वाटलं होतं, नियंत्रक साहेब आणि ड्युटीवर चप्पल, वा रे महामंडळ! सुदेश, ती तुझी ड्युटी नव्हतीच, नाही का? दाढी वाढलेली होती. हातात एक घडी केलेला कागद होता. अडकलेल्या बसच्या आरक्षणाची यादी असावी. तू वीस पावलांवरून एक डोकं मोजलंस. मग पाठ फिरवून आत गेलास. दार आपटलं.

आणि पाच मिनिटांत मालन कंडक्टर बाई आल्या. 'रिक्षा थांबवलीय. वर्तकनगरच ना?'

आरक्षणाच्या यादीत नाव असतं, वय असतं, आसन असतं. पत्ता नसतो. मी कुणाला सांगितला नव्हता. दीड वर्ष मी लोकांना हा विनोद म्हणून सांगत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की आतून पाटीचा आवाज आला होता.

चुकत असेन. मी यात चुकते, हे आता सिद्ध झालंय. तुला माझा राग असेल, रिक्षा मालनबाईंनी स्वतः थांबवली असेल, चप्पल घालायची तुझी सवय असेल. म्हणून विचारते. मला अर्थ लागलाय, पण तो बरोबर आहे का, हे सांगणारा परीक्षक एकच आहे आणि तो कार्डावर दोन ओळी लिहितो.

सॉरी. हे मी बोर्डाआधी बोलतेय. सभेतल्या त्या वाक्याबद्दल सॉरी, लाल शाईबद्दल सॉरी, आणि शेवटची ओळ काढायला सांगितली, त्याबद्दल सगळ्यांत जास्त. कविता तुझीच आहे. ती तुझी नसती तर मी तिचा अर्थ लावताना इतकी वाईट चुकले नसते. परक्या कवींच्या बाबतीत मी फार हुशार असते.

पुस्तिका पुढच्या सोमवारी छापायला जाते. 'अज्ञात' मी छापू देणार नाही, एवढा माझा त्रास त्या मंचाला अजून आहे. तुझं नाव छापेन, नाहीतर ती कविता पुस्तिकेतून काढेन. तू म्हणशील ते.

आणि एक. शनिवारी, आठ तारखेला, सकाळी दहाला माझा शेवटचा तास आहे. मग मुलं घरी अभ्यासाला. त्यांना कवी बघायचाय. सलिलने चौदा प्रश्न काढलेत, त्यातले तीन उद्धट आहेत. वर्षालीने एकही काढलेला नाही. ती म्हणते, 'मला नाय विचारायचं काय. मला फक्त सांगायचंय त्यांना, बरोबर लिवलंय म्हनून.' तीस वर्षं उशिरा आलेला हा तुझा पहिला शेरा, आणि तो लाल शाईत नाही.

भाषण करायला लागणार नाही. बोलायलाही लागणार नाही. वर्तकनगरच्या नाक्यावरून आत वळलास की कॉलेजचं फाटक समोरच दिसतं. मी साडेनऊपासून तिथे असेन. लांबून एकदा बघ आणि हवं तर पाठ फिरवून जा. मला आता ते वाचता येतं.

तोवर,
अजून दारातच,
देवयानी